शंभूच्या गिटारची दहावी पट्टी

१

राहू गावात नवरात्राच्या पाचव्या माळेला शंभूच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता, आणि तिसऱ्याच गाण्यात त्याची पावणेदोन लाखांची इलेक्ट्रिक गिटार घरघरली. आधी वाटलं स्पीकर फाटला. गाण्यात पुन्हा तीच जागा आली आणि पुन्हा तीच घरघर. गर्दीतून कुणीतरी विचारलं, कडबाकुट्टी सोबत आणलीय काय रं, आणि अख्खं मैदान हसलं.

शंभूला हसणं ठाऊक होतं, हसू होणं ठाऊक नव्हतं. त्यानं गाणं थांबवलं आणि माईक तोंडाशी ओढला.

"मंडळी, ही गिटार पुण्यावरनं सीलपॅक आणलेली हाय. दौंडच्या गोकुळकडं निसत्या तारा बदलायला दिली, तर त्यानं पट्ट्यांवर कानस मारून वाट लावली. नाव ध्यानात ठिवा."

लोकांनी ध्यानात ठेवलं. मोबाईल वर होतेच. सकाळपर्यंत ती क्लिप शिरूरपासून दौंडपर्यंतच्या प्रत्येक बँजो पार्टीच्या, प्रत्येक ऑर्केस्ट्राच्या ग्रुपवर फिरली. दोन दिवसांत गोकुळच्या दुकानातून तीन गिटारी, एक मेंडोलिन आणि एक कीबोर्ड, दुरुस्ती झालेली-न झालेली, मालकांनी उचलून नेली. दसऱ्यानंतरच्या रविवारी दौंडला ऑर्केस्ट्रावाल्यांची बैठक ठरली. विषय एकच: यापुढं गोकुळच्या हातात कुणी वाद्य द्यायचं नाही.

चौदा वर्षं तो माणूस दोन तालुक्यांची वाद्यं जुळवत होता. चोरालासुद्धा आधी विचारतात, तूच केलंस का म्हणून. गोकुळला कुणीच विचारलं नाही.

विचारलं ते एकीनंच.

२

"तू मारलीस का कानस?"

धुरपदानं दुकानात पाय ठेवताच हेच विचारलं. पाणी नाही, बस नाही. ती निमोण्याची, गोकुळची थोरली मावसबहीण. रांजणगावच्या एका कारखान्यात बावीस वर्षं तपासणी खात्यात. मशीनमधून निघालेला भाग मापायचा, मापात बसला तर सोडायचा, नाही बसला तर लाल टॅग लावायचा, एवढंच तिचं काम, आणि त्यात ती कुणाच्या बापाला ऐकत नसे. एकदा साहेब म्हणाले होते, गाडी गेटवर उभी आहे, एवढी खेप जाऊ द्या. ती म्हणाली, मग गाडीलाच लाल टॅग लावू का.

गोकुळचा चेहरा पडला. "आक्का, तू बी?"

"नात्याचं घरी बोलू. हितं मी तपासायला आलेय. मारलीस का न्हाई?"

न्हाई, तो म्हणाला. बाकाकडं बोट केलं. बाकावर आजोबांच्या घोंगडीचा तुकडा अंथरलेला होता, वाद्याला ओरखडा नको म्हणून. आजोबांनी ती घोंगडी पांघरून मेंढरांमागं अर्धा मुलूख तुडवला होता. आता घराला दोन एकर ओलीत होतं आणि गोकुळला हे दुकान. क्लिप फिरल्यापासून ग्रुपवर लोक लिहीत होते, मेंढरं कातरणाऱ्याच्या हातात गिटार दिल्यावर दुसरं काय होणार. असलं लिहिताना लोकांची बोटं कशी झडत नाहीत, असं धुरपदाला वाटलं. पण राग तिनं बाजूला ठेवला. राग मापात धरत नाहीत.

गोकुळनं सांगितलं ते असं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ज्ञानू, म्हणजे शंभूच्या ऑर्केस्ट्रातला दुसरा गिटारवाला, मोटारसायकलवर ती गिटार घेऊन आला. नव्या तारांचं पाकीटही सोबत दिलेलं. गोकुळनं तारा बदलल्या, सूर लावला, तासाभरात परत दिली.

"वाजवून बघितली?"

गोकुळ खाली बघायला लागला.

"बघितली. नवव्या आन् दहाव्या पट्टीला घरघरत होती. तवाच."

गिटारच्या दांडीवर आडव्या धातूच्या बारीक पट्ट्या असतात, वाजवणारे त्यांना फ्रेट म्हणतात. तार पट्टीमागं दाबली की सूर निघतो. पट्ट्या एका पातळीत असल्या तर सूर स्वच्छ. एखादी खाली गेली की तिथं दाबलेली तार पुढच्या पट्टीला घासते आणि घरघरते. हे गोकुळनं सांगितलं आणि धुरपदाला लगेच कळलं. सुराचं तिला काही कळत नव्हतं. सपाटीचं कळत होतं.

"मग बोलला का न्हाईस?"

"कुणाला बोलू? पावणेदोन लाखाची वस्तू. मी म्हणलो असतो पट्ट्या वरखाली हायेत, तर म्हणले असते, तुला काय कळतंय. लोकांना वाटतं पैसा मोजला की सपाटी आपोआप येती. महागडी गिटार बी हवेनं हालती आक्का, लाकूड हाय ते. तिला बी कुणीतरी बसून जुळवावीच लागती."

धुरपदा त्याच्यावरही चिडली, आणि मनापासून चिडली. खोट दिसली आणि नोंदवली नाही, तर कारखान्यात ती खोट बघणाऱ्याच्या नावावर चढते, असं तिनं त्याला सुनावलं. मग तिची नजर भिंतीवरच्या खिळ्यांवर गेली. तारांची वेटोळी टांगलेली होती, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी. गोकुळ जुन्या तारा फेकत नसे. बारीक तारा झेंडूवाल्या बायका हार ओवायच्या सुईसाठी मागून न्यायच्या. जाड तारांना गिऱ्हाईक नव्हतं, त्या तशाच राहायच्या.

"शंभूच्या तारा?"

बारीक तीन गेल्या होत्या. जाड तीन खिळ्यावर होत्या, नाव आणि तारखेसकट. धुरपदानं एक तार उजेडात धरून बोटानं चाचपली, पुन्हा चाचपली, आणि तिन्ही तारा पिशवीत टाकल्या.

"काय झालं?" गोकुळनं विचारलं.

"पावती लिव्ह," ती म्हणाली. "तीन तारा नेल्या म्हणून."

३

सातव्या माळेला ती शंभूच्या गावी, मांडवगण फराट्याला गेली. शंभूच्या घरावर फ्लेक्स होता, पावसानं अर्धा फिका पडलेला. त्यावर शंभू, गळ्यात ती लालभडक गिटार, मागं हलगीवाले. जूनमध्ये गिटार आली तेव्हा वेशीपासून मिरवत आणली होती. गावाला पेढे वाटले होते.

शंभू अदबीनं वागला. बसा ताई, चहा घ्या ताई. गोकुळची बहीण आहे हे कळल्यावरही गिटार दाखवायला त्याची ना नव्हती, उलट हौसच होती. बघा की, म्हणाला, तुमच्या भावानं काय केलंय ते तुमच्याच डोळ्यांनी बघा. गिटार आल्या दिवशी पूजा झाली आणि कपाटात गेली, ती घटस्थापनेलाच काढायची असं ठरलेलं. मधल्या तीन महिन्यांत कुणी हात लावला नाही, त्यानं स्वतःसुद्धा नाही. पावसाळ्यात तारा गंजल्या म्हणून तेवढ्या बदलून घ्यायला दिल्या. राहूच्या भानगडीनंतर तर गिटारच्या बॅगेची चेनच उघडली नाही.

धुरपदानं पोलादाची छोटी पट्टी चार-चार फ्रेटवर आडवी ठेवत सगळी दांडी तपासली. खाली उजेड दिसला की तिथं ती फिलर गेजची पाती सरकवायची, केसासारखी बारीक पोलादी पाती, प्रत्येकीवर जाडी कोरलेली. सगळीकडं ठीक होतं. नवव्या फ्रेटवर ऐंशी मायक्रॉनचं पातं गेलं. दहाव्यावर एकशेवीसचं.

मग भिंग काढलं. दोन्ही पट्ट्यांच्या माथ्यावर जाड कानशीचे उभे चरे होते. घासून नंतर गुळगुळीतसुद्धा केलेलं नव्हतं. कुणीतरी कानस मारली होती हे खरंच होतं. शंभू खोटं बोलत नव्हता, निदान यात तरी नाही.

तिनं भिंग तारांच्या मधल्या जागेवर नेलं, जिथं बोट आणि तार घासत नाही. बराच वेळ ती वाकून बघत राहिली.

"दिसलं न्हवं?" शंभूनं विचारलं.

"दिसलं," ती म्हणाली, आणि मोबाईलवर जवळून चार फोटो काढले.

ज्ञानू ओट्यावर बसून नखं कुरतडत होता. त्याला वाटलं आता आपली पाळी, आणि त्याचं वाटणं चुकीचं नव्हतं. गिटार त्याच्याच हातानं गेली-आली होती, आणि पुढं उभं राहून वाजवायची त्याची इच्छा साऱ्या ऑर्केस्ट्राला माहीत होती. धुरपदानं वाटेत कुठं थांबलास विचारल्यावर त्यानं न मागता सगळं ओकलं. कुठंच थांबला नाही, चहाला नाही, लघवीलासुद्धा नाही. शंभूदादा या गिटारला बोट लावू देत नाही. काही झालं असतं तर दादानं त्याला भीमेत बुडवला असता.

चहा घेऊन शंभूची आई आली, शेवंताबाई. धुरपदानं बशी हातात घेतली आणि पूजेची चौकशी केली, दोन बायका करतात तशी. कुणी ओवाळलं, कधी ओवाळलं.

"मीच की," शेवंताबाई म्हणाली. "उंबऱ्यातच ओवाळली, आत यायच्या आधी. पाच बोटं वल्या हळदीची लावली. ह्यो त्या चकचकीत अंगाला लावूच दिना, म्हणला डाग पडंल. मग मी काळ्या दांडीवर मधोमध लावली. समदी गेल्यावर ह्यानंच रुमालानं पुसली."

"चांगलं केलंत आत्या," धुरपदा म्हणाली. "लई चांगलं केलंत. रविवारी दौंडला या. शंभूसंगं या."

एसटीत बसल्यावर तिला दोनपैकी एक गोष्ट पक्की माहीत झालेली होती. दुसरी पिशवीत होती, तीन वेटोळी करून. त्या दुसरीचाच तिला जास्त राग येत होता.

४

बैठकीला तीस-पस्तीस माणसं होती. मधे आप्पा, दौंडचे जुने बँडवाले. एका बाजूला शंभू, ज्ञानू आणि शेवंताबाई. दुसऱ्या बाजूला गोकुळ एकटा, खुर्ची असून उभा.

शंभूनं पुण्याच्या दुकानातला माणूस बोलावला होता, साई नावाचा, इस्त्रीच्या शर्टातला. त्यानं सावकाश, समजावणीच्या सुरात सांगितलं की या किमतीच्या गिटारचे फ्रेट कारखान्यातच एका पातळीत येतात, त्यात फरक असूच शकत नाही. वर त्यांच्या दुकानात पुन्हा तपासून सेटअप होतो. हे प्रमाणपत्र. ग्रामीण भागात लोक उत्साहानं काहीबाही करतात, त्याला दुकान काय करणार. माना डोलल्या. इतक्या सहज डोलल्या की धुरपदाच्या कानशिलात जाळ झाला. परक्या माणसाच्या इस्त्रीवर यांचा विश्वास होता. चौदा वर्षं यांच्या तुटक्या वाद्यांना उभं करणाऱ्यावर नव्हता.

तिनं प्रमाणपत्र मागून घेतलं. बावीस पट्ट्या, प्रत्येकीची उंची लिहिलेली.

"साहेब, बावीस मापं तुम्ही घेतली?"

"आमच्या तंत्रज्ञानं."

"बावीसच्या बावीस सारखी. शेवटच्या आकड्यापर्यंत." तिनं कागद आप्पांपुढं धरला. "आप्पा, बावीस वर्षं मी मापंच घेतेय. एकाच मशीनचे, एकाच पाळीचे दोन तुकडे कवा तंतोतंत आले न्हाईत. मापून लिवलं तर आकडे हालत्यात. खुर्चीत बसून लिवलं तर हालत न्हाईत."

साई म्हणाला, हा अंदाज झाला. पट्ट्यांवर कानशीचे चरे आहेत, ते तर डोळ्यांना दिसतात.

"व्हय, चरे हायेत. आता ते कवाचे ते बघू."

तिनं भिंग आप्पांच्या हाती दिलं, गिटार त्यांच्या मांडीवर, आणि दहाव्या पट्टीवर दोन तारांच्या मधली जागा दाखवली. आप्पांनी डोळा बारीक केला. भिंग जरा पुढंमागं केलं.

"पिवळं हाय," ते म्हणाले. "चऱ्याच्या आत."

"हळद हाय. शेवंताआत्यांनी उंबऱ्यात लावली, जूनमध्ये. शंभूनं वरनं पुसली, पण चऱ्यात बसलेली रुमालानं निघत न्हाई. गोकुळनं घटस्थापनेच्या तोंडावर कानस मारली असती, तर हळद घासून गेली असती आन् चरे कोरे चकचकीत दिसले असते. हितं चऱ्याच्या पोटात हळद हाय. म्हंजी आधी चरा, मग हळद."

कुणीतरी मागून म्हणालं, खंडेनवमीला वाद्यांची पूजा होते, तेव्हाची असेल. धुरपदानं मोबाईल पुढं केला. फोटो सातव्या माळेचे होते, नवमीच्या दोन दिवस आधीचे.

"मांडवगणाचा उंबरा वलांडायच्या आधीच हिच्यावर कानस चालली हुती. ती कुणी चालवली ते ह्या साहेबांना इचारा. मला वाटतं आधीच्या कुणा गिऱ्हाइकानं वरखाली हाय म्हणून परत केली असंल, आन् दुकानात कुणीतरी घाईघाईनं दोन पट्ट्या घासल्या, त्या जादा घासल्या."

साईनं शर्टाची बाही नीट केली. मग हळूच म्हणाला की तो शोरूममध्ये लावलेला पीस होता, सीलपॅक म्हणून चुकून गेला असेल. कागद घेऊन तो उठला. कागद धुरपदानं काढून घेतला, माणूस जाऊ दिला.

हॉलमध्ये एकदम गलका झाला. गोकुळच्या पाठीवर थाप पडली, कुणीतरी त्याला खुर्चीत बसवलं. शंभूही पुढं आला, म्हणाला दुकानानं त्यालाही फसवलं, गैरसमज झाला, विषय संपला.

"बस खाली," धुरपदा म्हणाली. "तुझं ऱ्हायलंय."

५

तिनं पिशवीतून तीन जाड तारा काढल्या. या शंभूच्या जुन्या तारा, गोकुळच्या चिठ्ठीसकट. शंभू म्हणतो गंजल्या म्हणून बदलल्या. तिनं त्या सगळ्यांच्या हातांतून फिरवल्या. गंजाचा ठिपका नव्हता.

मग एका तारेचं बुड तिनं गिटारच्या खालच्या खोबणीशी धरलं आणि तार दांडीवर ताणली. तारेच्या खालच्या अंगाला चपटे चमकदार डाग होते. प्रत्येक डाग बरोबर एकेका पट्टीवर येऊन बसला.

"तार दाबली की पट्टी तारेला चावती," ती म्हणाली. "दोन-चारदा दाबून असे डाग पडत न्हाईत. ही गिटार म्हणं तीन म्हैने कपाटात हुती. जी वाजलीच न्हाई तिच्या तारा चावल्या कुणी? आन् बघा, सगळ्यात खोल डाग कुठं हायेत. नऊ, धा, अकरा. माणूस जिथं अडतो, तिथंच परत परत दाबतो."

शंभूनं तोंड उघडलं. पण आवाज आला तो त्याच्या आईचा.

"कांद्याच्या चाळीत वाजवायचा. दुपारचा, वायर न लावता. येकाच जागी थांबायचा, शिव्या द्यायचा, परत तिथंच यायचा. मला वाटलं शिकतुया."

"आई, गप की."

"का गप? त्या लेकराचं दुकान बंद पाडाय निघालास."

यानंतर शंभूला बोलावंच लागलं, आणि ते बोलणं ऐकवत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याला घरघर कळली होती. दुकानाला फोन केला. दुकान म्हणालं, महाग गिटार आहे, हात बसायला वेळ लागतो, मात्र गावाकडच्या माणसाचा हात लागला तर आमची जबाबदारी संपली. वेशीपासून हलगी लावून आणलेली वस्तू. फ्लेक्स लागलेला. पावणेदोन लाख मोजून गावात हसू होईल म्हणून तो तीन महिने गप्प बसला. आणि मग त्याला दुकानाचं तेच वाक्य आठवलं. गावाकडच्या माणसाचा हात. तर लागू दे की एकदाचा हात. म्हणून तारांचं पाकीट आणि ज्ञानू.

राहूत घरघर होणार हे त्याला माहीत होतं. नाव कुणाचं घ्यायचं तेही ठरलेलं होतं.

गोकुळ शंभूकडं बघत राहिला, जणू पहिल्यांदाच बघतोय. आप्पा म्हणाले, आता काय करायचं ते धुरपदाबाईंनीच सांगावं.

"मी काय सांगायचं? नाव माईकवरनं घेतलं, माईकवरनंच परत द्यायचं. राहूतच, त्याच मैदानात."

शंभू म्हणाला, ग्रुपवर टाकतो की.

"माईकवर," शेवंताबाई म्हणाली. "तुझ्यानं न्हाई झालं तर मी चढते."

कोजागिरीला राहूत कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी शंभू माईकपुढं आला. शेवंताबाई स्टेजच्या पहिल्या पायरीवर उभी होती, पदर खोचून. दोन मिनिटं तो बोलला. कुणी हसलं नाही, आणि मोबाईल त्या दिवशीही वर होते.

पुढच्या आठवड्यात ती गिटार पुन्हा घोंगडीच्या तुकड्यावर आली. या खेपेला शंभू स्वतः घेऊन आला होता आणि दारातच उभा राहिला होता. गोकुळनं त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्या दिवशी धुरपदाची सुट्टी होती, ती स्टुलावर बसून बघत होती. तिनं विचारलं, आता हे नीट कसं होतं.

गोकुळनं सांगितलं, दोन वाटा आहेत. खाली गेलेल्या पट्ट्या घासून वर येत नाहीत. त्यामुळं एक तर बाकीच्या वीस चांगल्या पट्ट्या घासून या दोघींच्या मापाला खाली आणायच्या. सगळे तसंच करतात, सोपं पडतं.

"आन् दुसरी?"

"ह्या दोन उपटायच्या. नव्या बसवायच्या."

धुरपदानं दाराकडं बघितलं. मग गोकुळकडं.

"उपट."

त्या दोन पट्ट्या आता रांजणगावला तिच्या टेबलावर आहेत, काचेखाली, लाल टॅग लावून. नवीन पोरींना शिकवताना ती भिंग त्यांच्या हाती देते आणि चऱ्यातलं पिवळं शोधायला लावते. सापडेपर्यंत जेवायला सोडत नाही.